लॅबच्या पत्त्यावर

४ जून

ताई,

उभी असशील तर आधी बस. मला प्रवेश मिळाला!

पदव्युत्तर, दोन वर्षांचा, मटेरियल सायन्स. यादीत माझ्या वर-खाली सगळी कालपरवा कॉलेजातून बाहेर पडलेली पोरं आहेत. मुलाखतीत एका सरांनी विचारलं, पदवीनंतर इतकी वर्षं काय करत होतात? मी पिशवीतून दाताची एक तडकलेली कॅप काढून त्यांच्यासमोर ठेवली. म्हटलं, हे. डॉक्टरांकडून पेशंटच्या दातांचं माप येतं, आम्ही साचा काढतो, मेणात दात घडवतो, मग सिरॅमिकचे थर देऊन भट्टीत भाजतो. त्यातल्या काही कॅपा महिन्याभरात तडकून परत येतात. का, ते आमच्या लॅबमध्ये कुणालाच सांगता येत नाही. मालक म्हणतात, पेशंटचं नशीब. मला नशिबाच्या पुढचं उत्तर हवंय, म्हणून आले. तिघांनी ती कॅप आलटून पालटून पाहिली, आणि मग आपापसात असे भांडायला लागले की मी समोर बसले आहे हेच विसरले. तेव्हाच मला कळलं, आपलं काम झालं.

आता मुद्द्याचं. फी दहा जुलैपर्यंत भरायची आहे. चलन सोबत पाठवते. त्या बँकेच्या कुठल्याही शाखेत चालतं, तुझ्या ऑफिसखाली आहे तिथेही. राहण्याखाण्याचं माझं मी बघून आले. कॉलेजच्या गावात एका डेंटिस्टकडे संध्याकाळचं काम ठरवलंय. तुझ्याकडून फक्त फी, ठरल्याप्रमाणे.

ठरलेलं आठवतंय ना? बाबा गेल्यावर आपण दोघी ओट्यापाशी उभ्या होतो. दोघींनाही पुढे शिकायचं होतं आणि पैसे एकीपुरतेही नव्हते. तू म्हणालीस, "आधी कोण?" मी म्हटलं, "तू मोठी, तू आधी. मी कमावते. तुझं झालं की माझा नंबर." तू माझ्या हातावर हात मारलास, तेव्हा तुझा हात पिठाचा होता. तुझी दोन वर्षं होती, त्याची तीन झाली, मग नोकरी लागेपर्यंत आणखी एक, मग बस्तान बसेपर्यंत आणखी. मी काही बोलले नाही. आता नंबर माझा.

आईला अजून सांगितलेलं नाही. फी भरली की सांगेन, म्हणजे तिला नाही म्हणायला जागाच उरणार नाही. फोनवर हा विषय काढू नकोस. फोन तिच्या उशाशी, आणि शाळेत जन्मभर घंटा दिलेल्या बाईचे कान अजून शाबूत आहेत. नेहमीसारखं लॅबच्या पत्त्यावर लिही.

तुझी
बारकी

११ जून

प्रिय बारकी,

पत्र वाचून आनंद झाला, खरंच झाला. कॅप टेबलावर ठेवण्याची कल्पना फक्त तुलाच सुचू शकते.

आता जरा शांतपणे ऐक. फीबाबत घाई करू नये असं माझं मत आहे. पदव्युत्तर शिक्षण म्हणजे नुसती फी नसते. मी त्यातून गेले आहे. पुस्तकं, प्रयोगाचं सामान, प्रबंधाची छपाई, आजारपण, असं दर महिन्याला काहीतरी उपटतं. पहिल्या वर्षी माझे पैसे वीस तारखेलाच संपायचे. तेव्हा कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून तुला सांगते. खोली एकटीने घेऊ नये. पुस्तकं जुनी घ्यावीत. चहा बाहेर पिऊ नये. दर रविवारी आठवड्याचा खर्च लिहून काढावा. आधी शिष्यवृत्तीचा अर्ज करावा, बँकेकडून शैक्षणिक कर्ज मिळतंय का पाहावं, आणि मग ठरवावं. यंदाची जागा सोडलीस तरी पुढच्या वर्षी परत अर्ज करता येईल. तुझ्यासारख्या अनुभवी मुलीला कोण नाही म्हणेल?

आणि तू तर लॅबमध्ये मजेत आहेस. तूच लिहितेस तसं. मालक मान देतात, ओव्हरटाइम मिळतो. हातचं सोडून पळत्याच्या मागे कशाला लागायचं? शिवाय आईचे गुडघे. दोन जिने चढून भाजी कोण आणणार?

विचार कर. रागावू नकोस.

ताई

१५ जून

ताई,

रागावू नकोस म्हणतेस. लॅबमध्ये बसून लिहिते आहे, आजूबाजूला कवळ्यांची रांग आहे. दात-ओठ खायचे तर दातांची कमतरता नाही.

चहा बाहेर पिऊ नये! ताई, तुला चहा बाहेर पिता यावा म्हणून मी इतकी वर्षं घरून डब्यातून नेलेला गार चहा पितेय. जुनी पुस्तकं घ्यावीत म्हणे. तुला संख्याशास्त्राची ती जाड पुस्तकं नवीकोरी हवी होती, कारण जुन्या आवृत्तीत गणितं वेगळी असतात. पाठवले की नाही पैसे? तुला थंडीचा कोट हवा होता, पाठवला. मैत्रिणींबरोबर सहलीला जायचं होतं, "सगळ्या चालल्या आहेत गं" असं लिहिलंस, तेही पाठवले. तेव्हा दर रविवारी खर्च लिहून काढ असं मी एका शब्दाने म्हटलं नाही. दात कोरून पोट भरत नाही हे मला दातांच्या लॅबमध्ये बसलेलीला तू शिकवू नकोस.

कर्जाचं विचारून आले. तू सांगायच्या आधीच आले, मी काय दूधखुळी आहे? बँकेला जामीन लागतो, कायम नोकरीतला, पगारपत्रक दाखवणारा. आईच्या निवृत्तिवेतनावर ते हसले, खिडकीआड तोंड करून, पण हसले. आपल्या घरात पगारपत्रक असलेली एकच आहे, आणि ती मला चहावर व्याख्यान देते आहे. शिष्यवृत्तीला वयाची अट आहे. ती अट मी ओलांडली ते तुझी तीन वर्षं आणि बस्तान पुरं होण्याची वाट बघताना. पुढच्या वर्षी याच अभ्यासक्रमाचीही वयाची मर्यादा संपते. ही जागा गेली की विषय संपला.

आणि मजेत! हो, लिहायचे मी मजेत म्हणून. काय लिहायला हवं होतं? की प्लास्टरच्या धुळीने रात्रभर खोकला येतो? की मालक महिन्याचा पगार तुकड्या-तुकड्याने देतात? की तुझ्या परीक्षेच्या फीसाठी मी त्यांच्याकडून उचल घेतली आणि ती फिटेपर्यंत सुट्टीच्या दिवशीही भट्टीपाशी उभी होते? तू परीक्षेला बसणार होतीस. तुला असलं लिहायचं नसतं एवढी अक्कल मला होती.

एकच सरळ प्रश्न विचारते, त्याचं सरळ उत्तर दे. पैसे आहेत की नाहीत?

बारकी

२१ जून

बारकी,

नाहीत.

मी घर घेतलं आहे, म्हणजे घेते आहे. बिल्डरकडे अनामत भरली, त्यात साठवलेलं सगळं गेलं. तुला सांगणार होते, योग्य वेळ येत नव्हती. तू मला स्वार्थी म्हणशील. म्हण. वयाच्या या टप्प्यावर स्वतःचं छप्पर हवं असं वाटणं हा गुन्हा नाही.

लॅबमध्ये पगार वाढवून माग. मालकांना तुझी गरज आहे. खोकल्यासाठी डॉक्टरांना दाखव.

ताई

२४ जून

ताईसाहेब,

घराबद्दल अभिनंदन. भिंती चांगल्या जाड करून घ्या, बाहेरचे आवाज आत यायला नकोत.

एक सांगते आणि थांबते. बाबा गेल्यावर मी रडले नव्हते. तुझं पत्र वाचून लॅबच्या मोरीत जाऊन रडले. पॉलिशवाल्या काकांनी दारावर टकटक करून विचारलं, "पोरी, कुणी गेलं का?" मी म्हटलं, हो.

यापुढे पत्र लिहू नका. आलं तर न फोडता भट्टीत घालीन. भट्टी चांगली तापते.

३० जून

ताई,

लिहिणार नव्हते. लिहिते आहे, कारण आता राग तुझ्यावर आहे की आणखी कुणावर तेच कळेनासं झालंय, आणि अर्धवट राग पोटात ठेवला की मला जेवण जात नाही.

काल जेवताना मी गप्प होते. आठवडाभर गप्पच आहे. आईने माझ्या पानात वाढलं, माझ्या पाठीवरून हात फिरवला. आपल्या आईने! जिने आपल्याला तापातसुद्धा "उठ, शाळेची वेळ झाली" म्हणून उठवलं, ती पाठीवरून हात फिरवत होती. आणि म्हणाली, "जाऊ दे गं. एकदा दहा तारीख गेली की तुझं तुलाच बरं वाटेल."

माझा घास हातातच राहिला.

कुठली दहा तारीख, ताई? प्रवेशाचं मी तिला सांगितलंच नव्हतं. चलन तुझ्याकडे आहे. तारीख तुला माहीत आणि मला माहीत. मी विचारलं, "दहा तारखेला काय आहे?" तर म्हणे, "विजेचं बिल." विजेचं बिल मी भरते, ताई. ते पंचवीस तारखेला असतं.

मग मला एकेक गोष्ट जुळायला लागली. तू रविवारी फोन करतेस तेव्हा मला हल्ली जिन्याखाली दुधाला पाठवलं जातं. तुझ्या आधीच्या पत्रात पैसे नाहीत असं कुठेच नव्हतं, चहा पिऊ नकोस एवढंच होतं. घर आलं ते मी सरळ विचारल्यावर. आणि जी बाई छत्री घ्यायची तरी चार दुकानं फिरते, तिने मला न सांगता घर घेतलं? कुठल्या रस्त्यावर घेतलंस? कितवा मजला? एक ओळसुद्धा नाही! तुला खोटं बोलता येत नाही. लहानपणीही यायचं नाही, मार खायचीस.

तुम्ही दोघींनी मिळून माझं काय ठरवलंत? माझ्या पाठीमागे, माझ्याच पैशाने लावलेल्या फोनवर? सांग. आणि आता चहा-पुस्तकं नकोत.

बारकी

३ जुलै

बारकी,

सांगते. सगळंच सांगते, कारण आता लपवण्यासारखं उरलं नाही आणि मलाही या सगळ्याचा संताप आला आहे, स्वतःचा धरून.

घर नाही. पैसे आहेत. नोकरी लागल्यापासून दर महिन्याला तुझ्या नावाचे बाजूला काढत आले. चलन माझ्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये आहे. रोज ड्रॉवर उघडते, रोज बंद करते.

तुझं पत्र आलं त्याच रविवारी मी आईला फोनवर सांगितलं. ती जे म्हणाली ते तू ओळखलं असशीलच. "तू गेलीस, आता ती जाईल. मग मी काय भिंतींना जेवायला वाढू? तिला पैसे दिलेस तर माझ्याशी बोलू नकोस. आणि माझं नाव घ्यायचं नाही. तुझं तू काय ते सांग." म्हणून मी माझं सांगितलं. शिव्या मी खाल्ल्या. तू भट्टीत घालते म्हणालीस ते पत्र वाचून मी ऑफिसातून अर्ध्या दिवसात घरी आले.

इथे थांबले असते तर मी बिचारी ठरले असते. आईच्या धाकाने गप्प बसलेली ताई. पण ते खरं नाही. तू विचारलंस तर पुरतं ऐक.

मी आईला का सांगितलं? तू स्पष्ट नको म्हणाली होतीस. मी सांगितलं, कारण मला माहीत होतं ती काय म्हणेल. मला ते तिच्या तोंडून हवं होतं. तू तिथून हललीस की आई कुठे जाणार, बारकी? माझ्याकडे. दोन जिने, तिचे गुडघे, ती एकटी राहू शकत नाही, हे हिशेब माझ्याही डोक्यात झाले. विमा कंपनीत दिवसभर तेच करते, कोण किती वर्षं जगेल आणि त्याचा बोजा कुणावर पडेल. माझी दीड खोली आहे. संध्याकाळी कुलूप उघडलं की आत कुणी नसतं, आणि मला ते आवडतं. कुणी विचारत नाही की उशीर का झाला, लग्नाचं काय, भाजीत मीठ का नाही. तू तिला सांभाळतेस म्हणून मी एवढी शहाणी, मोकळी, शिकलेली आहे. तू निघालीस की ते संपलं. मला आईला सांभाळायचं नव्हतं. हे लिहिताना लाज वाटते, आणि लाज वाटते म्हणून तुझाही राग येतो. तू मला कधी कळूच दिलं नाहीस. खोकला, उचल, गार चहा, यातलं एक अक्षर तेव्हा लिहिलं असतंस तर मी कोट मागितला असता का? तू देवी होऊन बसलीस आणि मला राक्षस व्हायला मोकळं रान दिलंस. भांड माझ्याशी, पण हेही ऐक.

पैसे भरू का? हे विचारायचा हक्क मला नाही, तरी विचारते. भरले की आईला मी काय सांगू?

ताई

६ जुलै

ताई,

भरू का? बँकेत जायचं, चलन द्यायचं, पैसे द्यायचे. त्यात विचारायचं काय?

मी देवी झाले म्हणतेस. बरोबर आहे. ते वाक्य वाचून तुझ्या कानाखाली जाळ काढावासा वाटला, आणि ते बरोबर आहे. आता देवीचा राजीनामा. काल घरात जे झालं ते ऐक.

मी घरी जाऊन आईला सरळ विचारलं. तिने आधी कानावर हात ठेवले. मग म्हणाली, तुझ्या भल्यासाठी. मग माझा आवाज चढला, मग तिचा चढला, आणि तिचा चढला की काय होतं तुला ठाऊक आहे. खालची शिंपीणबाई मापाची टेप गळ्यात तशीच घेऊन वर आली. मी म्हटलं, "तू माझं शिक्षण अडवलंस आणि पाठीवरून हात फिरवलास!" ती म्हणाली, "पाठीवरून नाही तर काय पोटावरून फिरवायचा?" इतक्या रागातही शिंपीणबाई हसली. मला नाही हसू आलं. मी म्हटलं, "मी मरेस्तोवर मेणाचे दात करावेत असं वाटतं तुला?" ती म्हणाली, "मला काय वाटतं ते तुम्ही दोघींनी कधी विचारलंय?" आणि कपाटाकडे तोंड करून बसली.

मी थंड डोक्याने विचार केला. म्हणजे भांडी घासताना केला. तुझं शिक्षण मी पाहिलं, माझं तू बघणार. हे ठरलं होतं. आईचं काय ते ओट्यापाशी कुणी ठरवलंच नव्हतं. ती आपसूक माझ्याकडे राहिली, भिंतीवरच्या घड्याळासारखी. आता दोन वर्षं तुझ्याकडे.

मी तिला म्हटलं, "ताईने तुला बोलावलंय." ती कपाटाकडे बघतच म्हणाली, "मला? कशाला?" मी म्हटलं, "एकटीला करमत नाही म्हणते. पत्रात लिहिलंय." आयुष्यात पहिल्यांदा तुझ्या नावाने धडधडीत खोटं बोलले. तिने गुडघे चोळले. मग उठून पिशवी झटकली.

नऊ तारखेला सकाळी तुझ्या गावात उतरेल. रात्रीच्या बसमध्ये खिडकीची जागा दिली आहे. घ्यायला जा. गुडघ्याचं तेल पिशवीत वरच आहे. आणि तोंड बरं ठेव, तू बोलावलं आहेस.

दहा तारीख विसरू नकोस.

बारकी

१२ जुलै

चिरंजीव बारकीस,

आशीर्वाद शेवटी देईन. आधी ऐक.

ताईने बोलावलंय म्हणालीस. स्टँडवर तिचं तोंड पाहिलं आणि कळलं कुणी बोलावलंय ते. तरी ती म्हणाली, "ये आई, वाट बघत होते." मी म्हटलं, बघत असशील, घड्याळाकडे. तुम्ही दोघी खोटं बोलायला लागलात की माझी मुलं असून इतक्या कच्च्या कशा, याचंच नवल वाटतं. शाळेत पोरं पोटदुखीची सोंगं आणायची, ती तुमच्यापेक्षा बरी.

परवा सकाळी मी तिला म्हटलं, ड्रॉवर उघड. ती म्हणाली, दुपारी जाते. मी म्हटलं, आत्ता. तिच्याबरोबर बँकेत गेले, रांगेत मीच पुढे उभी राहिले. खिडकीतला म्हणाला, "आजी, कुणाची फी?" मी म्हटलं, "माझ्या मुलीची. मोठ्या शिक्षणाची." हे त्याला दोनदा सांगितलं, त्याला एकदाच ऐकायचं होतं. शिक्का मारलेली पावती सोबत टाचली आहे. सांभाळ.

हे केलं म्हणून मी माफी मागते आहे असं समजू नकोस. मी चुकले. तुझी वाट अडवली, ते पाप माझं आहे, मी ते माझ्याकडे ठेवते. पण माझाही राग आहे, आणि तो आज मी या कागदावर काढणार. ताई ऑफिसला गेली आहे, मला थांबवायला कुणी नाही.

तुमची पत्रं मला माहीत होती. पहिल्यापासून. तुझा लॅबचा एप्रन कोण धुतं? पाण्यात घालायच्या आधी खिसे मी बघते. दर पंधरा दिवसांनी एक पाकीट असायचं, प्लास्टरने पांढरं झालेलं, ताईच्या अक्षरातलं. मी ते काढून कपाटावर ठेवायचे आणि एप्रन वाळला की परत खिशात घालायचे. तुला वाटायचं, आईला काय कळतंय.

वाचलं नाही. एकदाच वाचलं, पहिल्या वर्षी. मला वाटलं, माझ्यासाठीही दोन ओळी असतील, ती सांगायला विसरली असेल. आत पहिलीच ओळ होती, "आईला कळू देऊ नकोस." त्यानंतर पुन्हा उघडलं नाही. काय कळू द्यायचं नव्हतं ते मी पुढे वाचलंच नाही. कोट असेल, नाहीतर सहल. पण मी सात वर्षं हेच धरून बसले की या दोघींचं एक घर आहे कागदावर, आणि त्यात मला खोली नाही.

फोनवर तुम्ही मला काय सांगायचात? बरी आहे, जेवले, ठेवते. घंटा दिल्यावर पोरं पळतात तसं. खरं सगळं लॅबच्या पत्त्यावर. मला लिहिता येतं, बारकी. शाळेच्या नोटिसा मी वर्गावर्गात वाचून दाखवायचे. तुझ्या बाबांना मी लग्नाआधी पत्रं लिहिली आहेत, तुमच्या दोघींपेक्षा बरी.

म्हणून ताईने तुझं जाण्याचं सांगितलं तेव्हा मला फी दिसली नाही, शिक्षण दिसलं नाही. मला दिसलं, आता हीसुद्धा पत्रात जाणार. जी पत्रात जाते ती माझ्या हाती लागत नाही. म्हणून अडवलं. कारण सांगितलं, माफ कर म्हणत नाही.

आता माझं ठरलेलं ऐक, कारण तुम्ही दोघींनी ओट्यापाशी ठरवलंत, पत्रात ठरवलंत, मला पिशवीत भरून पाठवायचंही ठरवलंत, आणि मला एकदाही विचारलं नाहीत. मी काही वाटून घ्यायची वस्तू नाही. महिनाभर इथे राहीन. ताईच्या भाजीत मीठ नसतं, ते सांगून झालं. संध्याकाळी ती कुलूप उघडायला येते तेव्हा दार आतून मी उघडते आणि ती दचकते. दचकू दे, चार दिवसांनी सवय होईल. मग मी माझ्या घरी जाईन. शिंपीणबाईशी बोलणं झालंय. खालच्या मजल्यावरची तिची मागची खोली मी घेते, जिने नकोत. भिंतींना जेवायला वाढायला मी काही वेडी नाही. ताईने महिन्याला भाडं द्यायचं. ते ती देते म्हणाली आहे, सुटले बाई असा चेहरा करून. मी तो चेहरा पाहिला आणि तिला पाहिल्याचं सांगितलंही. रडली. रडू दे.

तू जा. नीट शीक. ती कॅप का तडकते ते शोधून काढ आणि तुझ्या मालकाच्या टेबलावर आपट. खोकल्याचं औषध घे. चहा गरम पी, बाहेर प्यावा लागला तरी.

आणि पत्र लिही. दोघींच्या नावे एक नको, ताईच्या पाकिटात माझ्यासाठी चिठ्ठीही नको. माझं वेगळं. आईला कळू देऊ नकोस असं जे जे असेल ते त्यात पहिलं लिही. रागावली असशील तर राग लिही, मी उत्तर देईन, मला येतं. घरच्या पत्त्यावर पाठव, आणि पाकिटावर माझं पूर्ण नाव घाल. सात वर्षांत त्या दारात माझ्या नावाने विजेच्या बिलाखेरीज काही आलेलं नाही.

अनेक आशीर्वाद.

आई